पांढऱ्या मादीची पाचही पिल्लं हिरवी कशी?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या वाचक भगिनी खानापूर तालुक्यातल्या. एकत्र कुटुंब, घरात दोघी जावा, या धाकट्या. थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, पक्ष्यांचा पहिल्यापासून नाद. सोप्यात जाळीचा मोठा पिंजरा आहे. बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात त्या पक्ष्यांची एक हिरवी जोडी आणि एक जादा हिरवा नर त्यात होता. धाकटीने शिवणकामाच्या पैशांतून बेळगावातल्या एका दुकानातून १,४०० रुपयांना लाल डोळ्यांची पांढरीशुभ्र मादी आणली. अक्कांनी जादा नर तिला लावून दिला. बोली ठरली की पांढरी पिल्लं धाकटीची, हिरवी अक्कांची.

नागपंचमीला धाकटी चार दिवस माहेरी गेली. निघाली तेव्हा तिच्या मादीच्या, घरटं म्हणून टांगलेल्या मडक्यात दोन पिल्लं फुटली होती आणि तीन अंडी शिल्लक होती. अक्कांच्या हिरव्या मादीने नेमकं त्याच सकाळी आपलं पहिलं अंडं दिलं होतं. गणपतीत धाकटीची पाच पिल्लं मडक्याबाहेर आली, ती पाचही हिरवीगार. बोलीप्रमाणे सगळी अक्कांकडे गेली. मग पितृपक्षात अक्कांच्या चार पिल्लांतल्या सगळ्यांत धाकट्या पिल्लाला निळी पिसं फुटली. आईबाप दोघं हिरवे, पिल्लू निळं. पिंजऱ्याचं दाणापाणी दहावीतला पुतण्या बघतो. आपण माहेरी असताना त्यानेच आईच्या सांगण्यावरून मडक्यांत अदलाबदल केली, असा या भगिनींचा संशय आहे. दोघींचं बोलणं जेवणाखाणापुरतं उरलंय. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: निळं पिल्लू मागून घ्यावं का, आपली मादी अक्कांच्या पिंजऱ्यातून काढावी का, आणि भिशीचे २०,००० रुपये उचलून चार पांढऱ्या जोड्या आणाव्यात आणि वेगळा धंदा मांडावा का?

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार आवडली. कुठल्या सणाला कुठल्या मडक्यात काय होतं, हे तुम्ही बारकाईने लिहिलंय. त्यामुळे अदलाबदल झाली की नाही, हे मला इथं बसून सांगता येतंय. झालेली नाही.

हिशेब तुमच्याच तारखांचा आहे. या पक्ष्यांची मादी साधारण एक दिवसाआड अंडं देते आणि बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. अंडं फुटायला अठरा दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे नागपंचमीला तुमच्या मडक्यात पिल्लं होती तेव्हा अक्कांचं पहिलं पिल्लू यायला अजून अडीच आठवडे होते. तुमचं फुटलेलं पिल्लू तिकडं ठेवलं असतं तर त्या मडक्यात नुसती अंडी आणि त्यांच्यात एक पिल्लू, असं दृश्य दिसलं असतं. पिल्लू नाही, अंडं हलवलं म्हणाल, तर तुमची उरलेली तीन अंडी आठवड्याभरात फुटायचीच होती, कुठल्याही मादीखाली ठेवा. अशा अंड्यातलं पिल्लू अक्कांच्या मडक्यात सगळ्यांत मोठं झालं असतं. ते निळं पिल्लू तर सगळ्यांत धाकटं आहे, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. गणपतीत तुमची पाचही उडायला लागली तेव्हा अक्कांच्या मडक्यातल्यांना पिसांचे नुसते कोंब फुटत होते. पुतण्या कितीही बिलंदर असला तरी पिल्लाचं वय त्याला कमी करता येणार नाही.

आता मुळाकडं येऊ. पांढरी मादी आणि हिरवा नर, तर काही पिल्लं पांढरी यावीत, ‘निदान फिकट पोपटी तरी’, असं तुम्ही धरून चालला होतात. रंग एकमेकांत मिसळतात, किंवा आईबापांत निम्मेनिम्मे वाटले जातात, हे आपण सगळेच न तपासता मानतो. या पक्ष्यांत तसं होत नाही.

हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, नाव बजरीगर. (खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, ते वेगळे.) १८४० साली जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडात आणले. रानातले थवे आजही हिरवे असतात. निळे, पिवळे, पांढरे, करडे हे सगळे रंग माणसाने पिंजऱ्यात निवडून निवडून टिकवलेले. हिरव्या पक्ष्याच्या पिसात हिरवा रंग असा नसतोच. पिसात पिवळं रंगद्रव्य असतं. निळेपणा पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून येतो. तिच्यावर उजेड विखुरतो आणि मागं मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याचा थर असल्यामुळे तो आपल्याला निळा दिसतो. या निळ्यावर पिवळं आलं की आपण हिरवं म्हणतो. पिवळं बनायचं थांबलं की पक्षी निळा. मेलॅनिन बनायचं थांबलं की पिसं पिवळीधमक आणि डोळे लाल, त्याला दुकानदार ल्युटिनो म्हणतात. पिवळं आणि मेलॅनिन दोन्ही थांबलं की तुमची मादी. तिच्यात दोन गोष्टी हरवलेल्या आहेत, आणि पिल्लांना ती देऊ शकते ते फक्त हे हरवलेपण. पांढरा म्हणून काही रंग तिच्याकडं द्यायला नाहीच.

दोन्ही हरवलेपणांचे वारशाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा एकेक घेऊ.

पिवळ्याचं जनुक प्रत्येक पिल्लाला एक आईकडून आणि एक बापाकडून मिळतं. दोनांतलं एक जरी चालू असलं तरी पिसात पुरेसं पिवळं तयार होतं. २०१७ साली ‘सेल’ या संशोधनपत्रिकेत हे जनुक नेमकं कोणतं ते प्रसिद्ध झालं. निळ्या बजरीगरांत त्या जनुकाने बनवलेल्या विकरात (एन्झाइममध्ये) एका ठिकाणी एक घटक बदललेला असतो, तेवढ्याने पिवळं बनणं थांबतं. तुमच्या मादीकडून प्रत्येक पिल्लाला बंद जनुक गेलं, नराकडून चालू आलं, आणि पाचही हिरवी झाली. तो नर पोटात एक बंद जनुक बाळगून असता तर सरासरीने निम्मी पिल्लं निळ्या जातीची निघाली असती. पाचपैकी एकही तसं न निघण्याची शक्यता मग बत्तिसांत एक. तेव्हा अक्कांचा तो नर या बाबतीत बहुतेक कोरा आहे.

मेलॅनिनचं जनुक मात्र लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. पक्ष्यांत नराकडं झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, मादीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. (आपल्याकडच्या कित्येक सासवांना यातली पहिली गोष्टच अजून पटलेली नाही, तेव्हा दुसरीचा आग्रह मी धरत नाही.) तुमच्या मादीचं एकुलतं एक झेड फक्त तिच्या मुलांना जातं. मुली आपलं झेड बापाकडून घेतात, आणि बाप हिरवा, काळ्या डोळ्यांचा. मुलांना आईचं बंद जनुक मिळालं, पण बापाचं चालू जनुक जोडीला आहे, म्हणून तीही काळ्या डोळ्यांची दिसतात. असं एक बंद जनुक पोटात घेऊन हिंडणाऱ्या पक्ष्याला बाजारात ‘स्प्लिट’ म्हणतात, हा शब्द तुम्ही दुकानात ऐकला असेल.

नर-मादी उलटी असती, म्हणजे तुम्ही पांढरा नर आणून तो हिरव्या मादीला लावला असता, तर त्यांच्या सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या पिवळ्या आणि सगळी मुलं हिरवी निघाली असती. पक्षी त्याच रंगांचे, निकाल निराळा. आणि मग ‘पिवळी कुणाची?’ हा बोलीत नसलेला प्रश्न उभा राहिला असता.

आता निळं पिल्लू. अक्कांच्या जोडीतले दोघेही निळ्याचे स्प्लिट आहेत, बस्स. दिसायला दोघं हिरवे, पण प्रत्येकाकडं एक चालू आणि एक बंद जनुक. दोघांनीही बंदच दिलं की पिल्लू निळं. हे चार अंड्यांत सरासरी एकदा घडतं. पण चारात एक म्हणजे रेशनचा कोटा नव्हे, की तीन हिरव्यांनंतर चौथ्याचा नंबर लागलाच. प्रत्येक अंड्याला नव्याने चारात एक. कधी चारही हिरवी, कधी दोन निळी. दहावीच्या विज्ञानात मेंडेलचा वाटाणा असतोच, तेच इथं. तुमचा पुतण्या तोच धडा यंदा शिकणार आहे आणि त्याच धड्यातल्या गोष्टीसाठी घरात संशयाचा धनी झालाय.

त्या निळ्याच्या तोंडाकडं नीट बघा. चोचीखालचा मुखवटा पांढरा असेल. हिरव्या पक्ष्याचा तोच भाग पिवळा असतो. रंगांच्या बाकीच्या भानगडी कितीही असल्या तरी एवढ्यावरून पक्षी हिरव्या जातीचा की निळ्या जातीचा, हे बहुतेक वेळा कळतं.

अक्कांची जोडी एकाच दुकानातून, एकाच पिंजऱ्यातून आणलेली असेल तर ती भावंडं असण्याची बरीच शक्यता आहे. दोघंही एकच दडलेलं जनुक बाळगून आहेत, त्यावरून मला तरी तसाच वास येतो. ते पोटात शिरून विचारायला हवं, कारण भावंडांच्या जोडीत निळं पिल्लू निघतं तसा एखादा आजारही वर येतो.

आता जरा नाजूक बोलतो. तुम्हाला खटकतंय ते पिल्लू नाही, खटकतेय ती बोली. १,४०० रुपये तुमचे, मादी तुमची, आणि पाचच्या पाच पिल्लं गेली दुसरीकडं. हे कुणालाही लागेल. पण ती बोली अक्कांनी फसवून करून घेतली असं पत्रात कुठंच नाही. पांढऱ्या मादीला पांढरी पिल्लं होणार असं तुम्ही दोघीही मानत होता, आणि तसं झालं असतं तर अक्का नर देऊन रिकाम्या हाताने बसल्या असत्या. तेव्हा त्याही तयार झाल्या होत्याच ना? जे दिसेल त्यावर वाटणी ठरवली, आणि जे दिसत नाही त्याने निकाल लावला. भागीत पक्षी ठेवणाऱ्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे: वाटणी रंगावर करू नका, मोजून करा. पहिलं पिल्लू मादीवालीचं, दुसरं नरवालीचं, विषम उरलं तर पुढच्या खेपेला भरपाई. ठरल्या दिवशी दोन ओळी वहीत लिहून ठेवा. घरातल्या घरात कसलं लिहायचं, असं वाटतं खरं. नेमकं घरातच लिहावं लागतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘नाही’ असं आहे. निळं पिल्लू तुमचं नाही, ते मागू नका. त्या पाच हिरव्यांतले नर मात्र जरूर मागा, आणि लवकर मागा. दुकानदार हिरव्या पिल्लाला दीडशे देतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अक्का ती कधीही विकून टाकतील. तुमच्या पांढऱ्या मादीचं जे काही आहे ते सगळं त्या नरांत आहे. पाचांतला प्रत्येक नर निळ्याचा स्प्लिट आहे आणि लाल डोळ्यांचाही स्प्लिट आहे. यात ‘कदाचित’ नाही, आईवरूनच ते पक्कं होतं. मादी पिल्लं फक्त निळ्याची स्प्लिट आहेत.

अक्कांच्या स्वतःच्या तीन हिरव्या पिल्लांचं तसं नाही. अशा जोडीच्या हिरव्या पिल्लांत सरासरी तिघांत दोघं स्प्लिट आणि एक कोरं, आणि कुठलं कोणतं ते बघून ओळखता येत नाही. दुकानात ‘सहासष्ट टक्के स्प्लिट’ म्हणून जास्त पैसे सांगतात ते हेच. आईबापांची नोंद दाखवली तर त्या बोलण्याला अर्थ आहे. नोंद नसेल तर हिरव्याचा भाव द्यावा आणि गप्प यावं.

पाचांत नर कोणते हे संक्रांतीपर्यंत स्पष्ट होईल. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जो मऊ गादीसारखा भाग असतो तो बघायचा. पिल्लू असताना नराचा तो भाग सगळीकडं सारखा गुलाबी-जांभळा असतो. मादीचा फिकट निळसर असतो आणि नाकपुडीभोवती पांढुरकं कडं दिसतं. कपाळावरच्या काळ्या आडव्या रेषा तीन-चार महिन्यांत पहिल्या पीसगळीत मागं सरतात, आणि पुढं नराची गादी निळी होते, मादीची तपकिरी. सकाळच्या उजेडात, पक्षी हातात धरून बघा. बल्बच्या पिवळ्या उजेडात सगळेच नर वाटतात.

अक्कांशी बोलायचं कसं? अदलाबदलीचा विषय तुम्ही त्यांच्यासमोर अजून उघडपणे काढलेला नाही, असं पत्रावरून दिसतं. मग काढूच नका. मनातल्या संशयाची माफी मागायला गेलात तर त्यांना नसलेली गोष्ट कळेल आणि नवं रामायण सुरू होईल. सरळ म्हणा, “अक्का, ह्या हिरव्यातले दोन नर मला द्या, पुढच्या खेपेला मी दोन पिल्लं तुम्हाला जास्त देते.” का हवेत तेही सांगून टाका. लपवून नर घेतलेत आणि पुढं त्यांच्या पोटी पांढरी पिल्लं निघाली, तर फसवल्याची भावना या वेळी अक्कांच्या वाट्याला येईल, आणि तेव्हा ती खरी असेल.

पुतण्याला वही द्या. अंडं कधी दिलं, कधी फुटलं, डोळे काळे की लाल, एवढंच लिहायचं. लाल डोळ्यांचं पिल्लू उघडं-नागडं असतानाच ओळखू येतं, मिटल्या पापणीखाली काळा ठिपका दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसतं. कानडीत लिहिलं तरी चालेल, शाळेत लिहितो तशी लिहू दे. पिल्लू साधारण आठवड्याचं झालं की पायात बंद कडी घालतात, बजरीगरच्या मापाची ॲल्युमिनियमची नंबरवाली मिळते. पाय वाढला की ती निघत नाही. मग कुणाचं पिल्लू कोणतं यावर वादच उरत नाही. दहा-बारा दिवस उलटले की मात्र कडी पंजातून जात नाही, जबरदस्ती करू नका.

दुसरा प्रश्न, मादी काढून घेण्याचा. पिंजरा वेगळा करायचा असेल तर करा, पण रागाने नको, तिच्या विश्रांतीसाठी करा. पाच पिल्लं वाढवून मादी रिकामी झालेली असते. मडकं टांगलेलं राहिलं की ती पुन्हा अंडी द्यायला बसते, आणि एकामागून एक खेपा घेतलेल्या माद्यांचं अंडं अडकतं, त्यात त्या मरतात. वर्षाला दोन खेपा पुष्कळ झाल्या. आत्ता मडकं काढून ठेवा. नुसत्या राळ्यावर आणि बाजरीवर ठेवू नका, समुद्रफेसाचा तुकडा जाळीला अडकवा, कोथिंबीर-मेथी धुऊन द्या. लाल डोळ्यांना प्रखर ऊन सोसत नाही, तेव्हा सोप्याच्या ज्या बाजूला दुपारनंतर ऊन येतं तिथं तिचा पिंजरा नको.

पांढरी पिल्लं हवीत तर वाटा दोन-तीन आहेत. सगळे सुचवतात ती पहिली: मुलगाच आईला लावायचा. त्यातून सरासरीने पाव हिश्श्याने पांढरी, पाव पिवळी, पाव निळी, पाव हिरवी पिल्लं येतात, आणि खर्च शून्य. एकदा असं केल्याने आभाळ कोसळत नाही, जुने पाळणारेही करतात. मला ते आवडत नाही, कारण एकदा जमलं की माणूस दुसऱ्यांदा करतो, आणि लहान, खुजी, उडता न येणारी पिल्लं निघायला लागेपर्यंत थांबत नाही.

दुसरी वाट संथ आहे. ते निळं पिल्लू मादी निघालं आणि अक्कांची राजी असली, तर तुमच्या मादीचा एक हिरवा नर तिला लावता येईल. आठांत एक पांढरं, आठांत एक पिवळं, बाकीच्यांत निळी आणि हिरवी निम्मीनिम्मी. पांढरी-पिवळी निघतील ती सगळी माद्याच असतील. अक्कांचे तिन्ही हिरवे पक्षी एकाच पिंजऱ्यातून आलेले असतील तर ही जोडीही नात्यातलीच होते, एवढं आधी विचारून घ्या.

मला पसंत आहे ती तिसरी. एक पांढरा, लाल डोळ्यांचा नर दुसऱ्या गावाहून आणा, निपाणी किंवा कोल्हापूरकडून, म्हणजे बेळगावच्या त्याच दुकानाच्या पिंजऱ्यातला नको. तो एखाद्या निळ्या मादीला लावा. त्यांच्या सगळ्या मुली पांढऱ्या आणि सगळी मुलं निळी निघतात. दोन्हींना गिऱ्हाईक आहे, आणि अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच डोळ्यावरून नर-मादी कळते, दुसऱ्या कुठल्या खुणेची वाट बघावी लागत नाही. तोच नर तुमच्या आत्ताच्या मादीला लावला तर सगळीच पिल्लं पांढरी. एका पक्ष्याच्या खर्चात हे जमतंय.

आणि म्हणून भिशी उचलू नका. पांढऱ्याला पांढरंच होतं, तेव्हा चार जोड्यांचं तुमचं गणित रंगापुरतं बरोबर आहे. चुकतं ते पुढं. आज पांढऱ्याला भाव आहे, कारण तुमच्या आसपास तो कमी आहे. चार जोड्या वर्षाला दोन खेपा घेऊ लागल्या की खानापुरात पांढऱ्याचा तुटवडा तुम्हीच संपवाल. दुकानदार १,४०० ला विकतो याचा अर्थ १,४०० ला घेतो असा नाही. त्याला आधी विचारा, ‘पिल्लू आणलं तर काय देशील?’ आणि आकडा ऐकून घरी या. शिवाय एकाच दुकानातल्या चार जोड्या म्हणजे बहुधा एकाच घरची आठ पिल्लं. पांढऱ्याला पांढरं पिढ्यान्‌पिढ्या लावत गेलं की पक्षी लहान होत जातो, असा अनुभव पाळणारे सांगतात, आणि ते मधूनमधून हिरवं किंवा निळं रक्त आत आणतात. तुमच्याकडचा पाऊसही हिशेबात धरा. जून ते सप्टेंबर दाणा सादळतो, मडक्याच्या तळाशी ओल धरते, बुरशीचा दाणा खाऊन आख्खा पिंजरा आजारी पडतो. एका मडक्याला रोज बघता येतं, चारांना शिवणकाम सांभाळून बघणं अवघड आहे. भिशीचा हप्ता मात्र पाऊस बघत नाही.

कायद्याचं दोन ओळींत. बजरीगर पाळायला अडचण नाही. तो परदेशी आहे आणि धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटिस कराराच्या यादीतून वगळलेला आहे. पण नाद वाढला म्हणून कुणी राघू किंवा रानातल्या पोपटाचं पिल्लू आणून दिलं तर घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. घरच्या घरी चार पिल्लं ओळखीत देणं वेगळं. दुकान थाटून विक्री करायची झाली तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते.

पांढरा नर आणायला जाल तेव्हा एक सांभाळा, आणि हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. वर गादीची जी खूण सांगितली ती लाल डोळ्यांच्या पक्ष्यांत निम्मीच चालते. त्यांचा नर कितीही वयाचा झाला तरी त्याची गादी निळी होत नाही, गुलाबी-जांभळीच राहते. त्यामुळे दुकानदार कधी नराला ‘कोवळी मादी’ म्हणून देतो, कधी खरोखरच्या कोवळ्या मादीला नर म्हणून. मादी जुळायला आली की तिची गादी तपकिरी आणि खरखरीत होते, ती चुकत नाही. म्हणून वर्षभराचा पक्षी मागा, गादी गुळगुळीत गुलाबी आहे ना ते हातात घेऊन बघा. पांढरा पण काळ्या डोळ्यांचा पक्षी दाखवला तर तो वेगळ्याच जनुकांचा असतो, तुमच्या कामाचा नाही, स्वस्त दिला तरी घेऊ नका. आणि पावतीमागं दुकानदाराकडून लिहून घ्या की मादी निघाली तर बदलून देईन.